सिनेमा पडला, गाणं उरलं

डिसेंबर १९४६ मध्ये पॅरिसमध्ये ‘ले पोर्त द ला न्युई’ हा चित्रपट लागला आणि सपशेल पडला. कागदावर पाहिलं तर तो पडायचं काही कारण नव्हतं. दिग्दर्शक मार्सेल कार्ने आणि पटकथा लिहिणारा कवी जाक प्रेव्हेर ही तेव्हाची फ्रान्समधली सगळ्यात वजनदार जोडी होती आणि त्यांच्या आदल्याच वर्षीच्या ‘लेझाँफाँ द्यु पारादी’नं लोकांना वेड लावलं होतं. नेपथ्यकार आलेक्सांद्र त्रोनेरनं पॅरिसचं बार्बेस मेट्रो स्टेशन स्टुडिओत जसंच्या तसं उभं केलं होतं, तेही देशात पावापासून सगळ्याची टंचाई असताना. नायक-नायिका म्हणून जाँ गाबँ आणि मार्लेन डिट्रिश ठरले होते. दोघांनीही ऐनवेळी अंग काढून घेतलं आणि त्यांच्या जागी ईव्ह मोंतां आणि नाताली नातिए ही नवखी मंडळी आली. तरीही खरी अडचण नटांची नव्हती. कथा फेब्रुवारी १९४५ च्या पॅरिसमधली आहे. जर्मन निघून गेले आहेत, पण त्यांच्याकडे चहाड्या करणारे आणि त्यांच्या जिवावर गब्बर झालेले लोक त्याच गल्लीत राहत आहेत. युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या प्रेक्षकाला हा आरसा नको होता. या पडलेल्या चित्रपटात तुकड्यातुकड्यानं एक चाल येते, कधी माउथ ऑर्गनवर, कधी गुणगुणण्यातून. तिचं नाव ‘ले फय मॉर्त’. आज जगातल्या कुठल्याही शहरात चार अनोळखी जॅझवादक पहिल्यांदा एकत्र बसले तर जी दोन-चार गाणी न बोलता सुरू करू शकतात, त्यात हे गाणं ‘ऑटम लीव्ह्ज’ या इंग्रजी नावानं हमखास असतं.

हे कसं झालं याचं नेहमीचं उत्तर एका वाक्याचं आहे: चाल फार सुंदर, म्हणून टिकली. या उत्तरानं काहीच उलगडत नाही. सुंदर चालींचं जगात कधीच दुर्भिक्ष नव्हतं आणि त्यातल्या बहुतेक आपापल्या चित्रपटाबरोबर, गायकाबरोबर, पिढीबरोबर गेल्या. या गाण्याचा प्रवास बारकाईनं पाहिला तर त्यात मिळवण्यापेक्षा गमावण्याचाच हिशेब मोठा दिसतो. आधी नृत्यनाट्य सुटलं, मग चित्रपट, मग मूळ भाषा, मग गाण्याचा पहिला अर्धा भाग, मग शब्द, आणि काही वादकांच्या हातात तर चालसुद्धा. दर टप्प्यावर काहीतरी गळालं आणि तरीही गाणं ओळखू येत राहिलं. माझं म्हणणं असं की जॅझमधलं ‘स्टँडर्ड’ म्हणजे नेमकं हेच: इतकं सगळं गळाल्यावरही ज्याचा सांगाडा उभा राहतो असं गाणं. मात्र सांगाडा पुरत नाही, तो रोज वापरणारी माणसंही लागतात.

सुरुवात संगीतकारापासून करू. जोझेफ कोस्मा हा बुडापेस्टमध्ये १९०५ साली जन्मलेला हंगेरियन ज्यू. बर्लिनमध्ये तो संगीतकार हान्स आइस्लर आणि नाटककार ब्रेख्त यांच्या वर्तुळात वावरला आणि १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर पॅरिसला आला. तिथे प्रेव्हेरशी गाठ पडली आणि त्याच्या कवितांना चाली लावण्याचं काम सुरू झालं. जर्मनांनी फ्रान्स व्यापल्यावर ज्यू म्हणून त्याला उघडपणे काम करायला बंदी आली. दक्षिण फ्रान्समध्ये आडोशाला राहून तो संगीत लिहीत राहिला आणि पडद्यावर नाव दुसऱ्याचं लागत राहिलं. कार्नेच्या १९४२ च्या ‘ले व्हिझितर द्यु स्वार’मध्ये असंच झालं. मुक्तीनंतर, जून १९४५ मध्ये, रोलाँ पती या तरुण नर्तकानं ‘ले रांदेव्हू’ नावाचं नृत्यनाट्य बसवलं. कथा प्रेव्हेरची, पडदा पिकासोचा, नेपथ्याला ब्रासाईची छायाचित्रं आणि संगीत कोस्माचं. पुढे ‘ले फय मॉर्त’ झाली ती चाल मुळात या नृत्यनाट्यातली, शब्दांशिवाय जन्मलेली. कार्नेचा चित्रपट याच नृत्यनाट्याच्या कल्पनेवर बेतला गेला, तेव्हा प्रेव्हेरनं तयार चालीवर शब्द लिहिले. पुढच्या युक्तिवादासाठी हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण जॅझवाल्यांनी शब्द काढून टाकले अशी तक्रार पुढे होते. शब्द नंतर आले होते. चाल आधीपासून आपल्या पायांवर उभी होती.

चित्रपट पडला, पण पॅरिसच्या कॅबरेंमधून गाणं फिरत राहिलं. ज्युलिएत ग्रेकोनं गायलं, मोंतांनं १९४९ मध्ये ध्वनिमुद्रित केलं आणि आयुष्यभर गात राहिला. चित्रपटानं त्याला काही दिलं नाही, गाण्यानं दिलं. अमेरिकेत ते आलं जॉनी मर्सरच्या हातून. मर्सर जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना गावचा. हॉलिवूडसाठी ढिगानं गाणी लिहिणारा आणि १९४२ मध्ये कॅपिटॉल रेकॉर्ड्स ही कंपनी काढणाऱ्या तिघांपैकी एक. त्यानं प्रेव्हेरचा अनुवाद केला नाही. मूळ गाण्यात धृपदाच्या आधी एक लांब, बोलल्यासारखा भाग आहे आणि गाण्याचा सगळा आठवणींचा भार त्यात आहे. मर्सरनं तो भाग वगळला आणि फक्त धृपदाच्या चालीवर काही ओळींचं छोटं प्रेमगीत लिहिलं. हे कापणं कवितेसाठी नुकसानीचं होतं, यात वाद नाही. पण त्यामुळे गाणं बत्तीस बारचं झालं. एका बारमध्ये चार ठोके, असे आठ-आठ बारचे चार भाग. अमेरिकेतल्या नाटक-सिनेमाच्या गाण्यांचा हा ठरलेला साचा आणि जॅझवादकांच्या बोटांना बसलेलं माप. कापलेलं गाणं त्यांच्या घरात येताना चौकटीला अडकलं नाही.

१९५० मध्ये जो स्टॅफर्ड आणि बिंग क्रॉस्बी यांच्या तबकड्या निघाल्या. खरा गाजावाजा झाला १९५५ मध्ये, तोही गायकामुळे नाही. रॉजर विल्यम्स या पियानोवादकानं पानं गळत असल्यासारख्या घरंगळत्या सुरावटी पेरून हे गाणं वाजवलं आणि ते अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. पुढच्या वर्षी जोन क्रॉफर्डच्या चित्रपटाला गाण्याचंच नाव दिलं गेलं आणि शीर्षकगीत नॅट किंग कोलनं गायलं. इथे पहिली हरकत येते आणि ती वजनदार आहे: सांगाडा वगैरे कशाला हवं, गाणं बाजारात तुफान खपलं म्हणून वादकांनी उचललं. लोकांना ओळखीचं काहीतरी वाजवावंच लागतं. यात तथ्य आहे, पण अर्धंच. त्याच १९५५ साली पहिल्या क्रमांकावर ‘द बॅलड ऑफ डेव्ही क्रॉकेट’ होतं, ‘द यलो रोझ ऑफ टेक्सस’ होतं. दोन्हींचा खप प्रचंड, गावोगाव तोंडपाठ. आज एखाद्या जॅझ क्लबात त्यातलं एकही वाजणार नाही. शिवाय एरल गार्नर हा पियानोवादक सप्टेंबर १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कार्मेलच्या मैफलीत ‘ऑटम लीव्ह्ज’ वाजवत होता, म्हणजे विल्यम्सची तबकडी शिखरावर पोचण्याच्या आधी. बाजारानं गाणं वादकांच्या कानावर घातलं असेल, पण ते बोटांत राहण्याचं कारण बाजार देऊ शकत नाही.

ते कारण समजायला जॅझवादक गाण्याचं काय करतो हे पाहावं लागेल. तो एकदा चाल वाजवतो. मग चाल सोडून देतो, पण तिच्याखाली असलेली कॉर्डची, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छांची, रांग सोडत नाही. बास आणि पियानो तीच रांग पुन्हा पुन्हा फिरवत राहतात आणि वर प्रत्येक वादक आपल्या पाळीला नवी सुरावट रचतो. शेवटी पुन्हा चाल आणि समाप्ती. आपल्याकडे याची तुलना ख्यालाशी करायची सवय आहे: बंदिशीचा मुखडा, मग बढत, मग पुन्हा मुखडा. तुलना सोयीची आहे, पण जरा थांबून करायला हवी. ख्यालात बंदिश बदलली तरी राग राहतो, आणि विस्तार रागाचा असतो. एकाच रागाच्या दहा बंदिशी गवयाला एकाच प्रदेशात नेतात. जॅझमध्ये राग नाही. विस्ताराची जमीन म्हणजे त्या एका गाण्याची कॉर्डची रांग. गाणं बदललं की जमीन बदलली. म्हणून वादकासाठी गाण्याची निवड ही जवळजवळ रागाच्या निवडीइतकी गंभीर गोष्ट असते, आणि म्हणूनच शब्द, गायक, चित्रपट यांच्यापेक्षा त्याला खालची घडण महत्त्वाची वाटते.

आता ही घडण पाहू. गाणं मायनर सप्तकात आहे, म्हणजे ढोबळमानानं आपल्या आसावरी थाटाचे स्वर: ग, ध, नि कोमल. पहिल्या आठ बारमध्ये बास कुठून कुठे जातो ते सरगममध्ये लिहिलं तर क्रम येतो म, नि, ग, ध, रे, प आणि मग सा. सप्तकातले सातही स्वर तो एकेकदा शिवतो. प्रत्येक पाऊल चार स्वरांचं आणि षड्ज अगदी शेवटी. पाश्चात्त्य संगीतात चौथ्या स्वराकडे जाणारी ही हालचाल म्हणजे उतार असतो. एका कॉर्डनंतर दुसरी आपोआप ओढली जाते. त्यातही एक मेख आहे. पहिले चार बार मेजरकडे जातात, म्हणजे कोमल गांधारावर बसलेल्या दुसऱ्या, अधिक मोकळ्या घरात. पुढचे चार बार तिथून निघून मायनर षड्जावर येतात. आठ बारच्या आत गाणं एकदा उजळतं आणि एकदा झाकोळतं. तेच पुन्हा होतं. तिसऱ्या भागात क्रम उलटा होतो, आधी मायनर आणि मग मेजर. चौथा भाग मायनरमध्ये संपतो. या गाण्याची उदासी लोक शब्दांना जोडतात, पण शब्द काढले तरी ती जात नाही, कारण ती या दोन घरांमधल्या येरझाऱ्यांत आहे.

यावर दुसरी हरकत एखादा जाणकार घेईलच. चौथ्याकडून चौथ्याकडे जाणारी कॉर्डची रांग ही काही कोस्माची मिरास नाही. बाखपासून सगळ्यांनी ती वापरली आहे. जेरोम कर्नचं ‘ऑल द थिंग्ज यू आर’ तिच्यावर उभं आहे, ‘फ्लाय मी टु द मून’ उभं आहे. मग हेच गाणं का? हरकत रास्त आहे आणि उत्तर चालीत आहे. चालीचा पहिला भाग चार एकसारख्या उद्गारांचा. प्रत्येकात तीन स्वरांची छोटी चढण, मग एक उडी आणि मग एका स्वरावर लांबलचक मुक्काम. पुढचा उद्गार एक स्वर खालून सुरू होतो. मुक्कामाचे स्वर अशा रीतीनं उतरत जातात: कोमल ध, प, म, कोमल ग. मूल म्हणू शकेल इतकं सोपं. पण गंमत मुक्कामात आहे. लांबवलेला स्वर सुरू होतो तेव्हा तो खालच्या कॉर्डचा तिसरा स्वर असतो, म्हणजे त्या कॉर्डचा स्वभाव ठरवणारा. वरचा स्वर जागचा हलत नाही, खाली कॉर्ड बदलते, आणि तोच स्वर आता नव्या कॉर्डचा सातवा होऊन बसतो, अस्वस्थ, सुटण्याची वाट पाहणारा. मग चाल एक स्वर खाली उतरते, तो ताण सुटतो, आणि हेच पुन्हा घडतं. तीन वेळा सलग. साध्या चालीखाली इतकी शिस्तबद्ध हालचाल असल्यानं ऐकणाऱ्याला न शिकता कॉर्डचा प्रवास कळत राहतो. शिवाय चाल लांब स्वरांवर थांबते तेव्हा पियानोला, बासला, ड्रम्सला बोलायला जागा मिळते. ‘ऑल द थिंग्ज यू आर’ थोर आहे, पण ते दर काही बारनी घर बदलतं आणि नवख्याची दमछाक करतं. ‘ऑटम लीव्ह्ज’ दोनच घरांत फिरतं. सोपेपणा आणि ओढ यांचा असा मेळ फार गाण्यांत नाही.

तरी सांगाडा स्वतःहून चालत नाही. १९५५ ते १९५९ या चार-पाच वर्षांत काही ठरावीक माणसांनी या गाण्याचं काय केलं यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरलं. ऑक्टोबर १९५५ मध्ये अहमद जमाल या पियानोवादकानं ते आपल्या त्रिकुटाबरोबर वाजवलं. ड्रम्स नाहीत, फक्त पियानो, गिटार आणि बास. त्यानं चालीच्या आधी बासची एक छोटी, हट्टानं फिरणारी आकृती ठेवली आणि सगळीकडे मोकळ्या जागा सोडल्या. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस जमालचा उघड चाहता होता. ९ मार्च १९५८ रोजी न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक इथे रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत, म्हणजे खरं तर त्याच्या आईवडिलांच्या दिवाणखान्यात, ‘समथिन एल्स’ या अल्बमचं ध्वनिमुद्रण झालं. मुखपृष्ठावर नाव आल्टो सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीचं, पण सूत्रं बरीचशी माइल्सकडे. पियानोवर हँक जोन्स, बासवर सॅम जोन्स, ड्रम्सवर आर्ट ब्लेकी. सुरुवातीला जमालच्या धर्तीची गंभीर, फिरती प्रस्तावना येते. मग माइल्स ट्रंपेटला म्यूट लावून चाल वाजवतो, इतकी सुटी की जणू दोन स्वरांच्या मधली शांतता त्याला वाजवायची आहे. पाठोपाठ ॲडर्ली येतो तो भरभरून बोलत. सगळं मिळून जवळजवळ अकरा मिनिटं. मूळ गाणं तीन मिनिटांत संपायचं. आणखी एकवीस महिन्यांनी, डिसेंबर १९५९ मध्ये, पियानोवादक बिल एव्हान्सनं ‘पोर्ट्रेट इन जॅझ’ या अल्बमसाठी हेच गाणं घेतलं. इथे बासवादक स्कॉट लाफारो ठोके मोजत मागे चालत नाही. चाल झाल्यावर तो, एव्हान्स आणि ड्रमवादक पॉल मोशियन एकमेकांची वाक्यं अर्ध्यावर उचलतात, कोण पुढे आणि कोण साथीला हे काही काळ कळेनासं होतं. हे जमलं कारण गाण्याची जमीन तिघांनाही पाठ होती आणि ऐकणाऱ्यालाही. ओळखीची जमीन नसती तर तो संवाद नुसता गोंगाट वाटला असता. लाफारो १९६१ मध्ये पंचविसाव्या वर्षी मोटार अपघातात गेला, पण त्यानंतरचं पियानो-बास-ड्रम्सचं कुठलंही त्रिकूट त्याच्या या वाजवण्याला टाळून पुढे गेलेलं नाही.

हे एकाच गाण्याचं नशीब नव्हतं, हेही इथे पाहायला हवं. ‘समथिन एल्स’नंतर अडीच महिन्यांनी, २६ मे १९५८ ला, माइल्सनं आपल्या चमूबरोबर एकाच दिवशी ‘स्टेला बाय स्टारलाइट’ आणि ‘ऑन ग्रीन डॉल्फिन स्ट्रीट’ ध्वनिमुद्रित केली. पहिली व्हिक्टर यंगची चाल ‘द अनइन्व्हाइटेड’ या १९४४ च्या भुताच्या चित्रपटातली, दुसरी ब्रोनिस्लाव कापरची, लाना टर्नरच्या १९४७ च्या चित्रपटातली. त्या दुसऱ्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं ते भूकंप वगैरे दाखवणाऱ्या ट्रिक दृश्यांसाठी. आज हे दोन चित्रपट मुद्दाम शोधून पाहणारा माणूस बहुधा सिनेमाचा अभ्यासक असेल. गाणी मात्र रोज कुठे ना कुठे वाजतात. उलट ‘ओव्हर द रेनबो’ पाहा. जॅझवाल्यांनी तेही भरपूर वाजवलं, पण ते सुरू झालं की ज्यूडी गार्लंड आणि तिचा चित्रपट डोळ्यांसमोर येतोच. लाडक्या चित्रपटाचं गाणं वादकाच्या हातात पूर्णपणे येत नाही, त्यावर आधीच कुणाची तरी मालकी असते. या हिशेबानं कार्नेचा चित्रपट पडला हे गाण्याच्या पथ्यावरच पडलं, असं म्हणायला मी धजतो.

माणसं आणि सवय लागते हे माझ्या म्हणण्याचं दुसरं अंग, आणि त्याची कसोटी मुंबईतच घेता येते. १९४०-५० च्या दशकांत मुंबईत उत्तम जॅझवादक होते, बहुतेक गोव्याचे. चिक चॉकलेट या नावानं गाजलेला ट्रंपेटवादक आन्तोनियो शाव्हियेर व्हाझ हॉटेलात बँड चालवायचा आणि संगीतकार सी. रामचंद्रांचा सहायक म्हणून हिंदी चित्रपटांचं कामही करायचा. १९५१ च्या ‘अलबेला’तल्या पितळी वाद्यांच्या उसळीमागे ही माणसं आहेत. गाण्यांची वाद्यमांडणी करणाऱ्या सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांची नावं आता थोडी तरी घेतली जातात. म्हणजे चित्रपटाची गाणी होती, ती मांडणारे जॅझ जाणणारे हात होते, ऐकणारं शहर होतं. तरी सी. रामचंद्रांची किंवा आणखी कुणाची एखादी चाल ‘ऑटम लीव्ह्ज’सारखी स्टँडर्ड झाली नाही. चाली कमी दर्जाच्या होत्या म्हणून नव्हे. त्यांची घडण वेगळी होती. मुखडा, अंतरा आणि मधले वाद्यमेळाचे तुकडे ध्वनिमुद्रणात एकदाच पक्के ठरायचे, आणि चाल बहुधा एका षड्जावर उभी असायची, कॉर्डच्या उतारावर नाही. आणि सवय नव्हती: हॉटेलात रात्री वाजवायची गाणी अमेरिकेतून आलेली असायची. दिवसा स्टुडिओत केलेलं गाणं रात्री बँडवर घेऊन उलगडून पाहावं अशी गरज कुणालाच नव्हती, ना हॉटेलमालकाला, ना निर्मात्याला. आपल्याकडे गाण्याची ये-जा झाली ती वेगळ्या वाटेनं. भास्करबुवा बखल्यांनी १९१६ च्या ‘स्वयंवर’साठी बैठकीतल्या बंदिशींवरून पदं बांधली आणि पुढे तीच पदं गवयांनी पुन्हा बैठकीत फुलवली. तिथे जमीन रागाची होती, म्हणून वाट सापडली.

तिसरी हरकत आजची आहे आणि ती मला सगळ्यात अवघड वाटते. हे गाणं टिकलं ते शिकवलं जातं म्हणून, असं काही वादक कंटाळून म्हणतात. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर बॉस्टनच्या बर्कली महाविद्यालयाच्या आसपास ‘द रिअल बुक’ नावाची चोरटी वही तयार झाली. शेकडो गाण्यांची चाल आणि कॉर्ड, एका पानावर एक, कुणालाही मानधन न देता. ती २००४ मध्ये रीतसर परवानगीनं छापली जाईपर्यंत जगभरच्या विद्यार्थ्यांनी तिच्यावरच शिक्षण घेतलं. ‘ऑटम लीव्ह्ज’ हा त्यातला पहिला धडा ठरला, कारण मेजर आणि मायनर या दोन्हींकडे जाणाऱ्या मूळ कॉर्डमालिका एकाच गाण्यात शिकून होतात. परिणाम असा की आज ते सगळ्यात जास्त वाईट वाजवलं जाणारं गाणंही असेल. त्याच त्या लकेरी, तोच मधला वेग. हे मी नाकारत नाही. पण वहीत शेकडो गाणी होती आणि त्यातली बरीचशी वहीतच राहिली. शिवाय रटाळपणा झटकणारेही याच गाण्याकडे आले. ट्रंपेटवादक विंटन मार्सालिसनं १९८७ च्या अल्बमात त्याच्या ठोक्यांचंच गणित बदललं. पियानोवादक कीथ जॅरेटनं १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्लू नोट क्लबात ते पंचवीस मिनिटांहून जास्त वेळ वाजवलं. अभ्यासक्रमानं घासून गुळगुळीत केलेल्या गाण्यात एवढं उरलं असेल तर ते अभ्यासक्रमानं घातलेलं नव्हतं.

राहिली शब्दांची तक्रार. फ्रेंच श्रोत्याला आजही वाटतं की अमेरिकेनं कविता फेकून दिली आणि टरफल नेलं. त्या कवितेचा दरारा इतका की सर्ज गेन्सबूरनं १९६१ मध्ये तिच्याच आठवणीवर एक स्वतंत्र गाणं रचलं. ही हळहळ मला समजते, आणि मोंतांचं गाणं ऐकून बिल एव्हान्सकडे आलं तर काहीतरी हरवल्यासारखं होतंच. पण हरवलेलं नेमकं काय आहे ते नीट मोजायला हवं. डिसेंबर १९६५ मध्ये शिकागोच्या प्लग्ड निकेल क्लबात माइल्सच्या नव्या पंचकानं हे गाणं इतकं मोडून वाजवलं की चालीचे कपचेच हाती लागतात, तरी ऐकणारा गाणं कुठे आहे हे विसरत नाही, कारण खालची रांग पाठ झालेली असते. ते झाले वादक, त्यांना शब्दांचं सोयरसुतक नाही असं कुणी म्हणेल. म्हणून साक्ष गायिकेची काढू. सारा व्हॉन ही जॅझच्या सर्वश्रेष्ठ आवाजांपैकी एक. १९८२ च्या ‘क्रेझी अँड मिक्स्ड अप’ या अल्बममध्ये जो पासची गिटार आणि रोलंड हॅनाचा पियानो साथीला घेऊन ती ‘ऑटम लीव्ह्ज’ गाते. पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत ती नुसते निरर्थक बोल घेऊन धावते. मर्सरचा एक शब्द नाही, प्रेव्हेरचा तर प्रश्नच नाही, आणि कोस्माची चालसुद्धा ती सरळ म्हणत नाही. तिच्याजवळ असते ती फक्त म पासून निघून सा वर येणारी कॉर्डची रांग. तरीही गाणं तेच राहतं आणि रचनाकार म्हणून कोस्मा, प्रेव्हेर आणि मर्सर ही तीनच नावं लागतात.